गोळ्यांचे कारखानदार, नामवंत बल्लव आणि त्यांचे चरित्रकार

सोळा वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका गोळ्यांच्या कारखान्याची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मी लिहिली. लिमलेटच्या गोळ्या, पेपरमिंट, पाडव्याच्या आधी साखरेच्या गाठी असा त्यांचा माल. मालकांच्या मुलाने वरच्या मजल्यावरची कपाटे उघडून दिली. जुन्या चोपड्या, साखरेच्या परमिटांचे कागद, पहिल्या भट्टीचा फोटो असे पुष्कळ हाती लागले. चोपड्यांत दर शनिवारी एक नोंद असे : ‘पुडी बाया ७’, पुढे रक्कम. कधी सात, कधी नऊ, दिवाळीच्या तोंडावर चौदा. गोळ्यांना कागद गुंडाळणाऱ्या बायकांची ही मजुरी. पुरुष कामगारांची नावे लिहिलेली. बायकांचा फक्त आकडा. मी त्यावर दीड पान लिहिले होते. मुलाने मजकूर वाचून परत देताना म्हटले, “काका, बाकी सगळं झकास झालंय. तेवढं मजुरीचं राहू द्या ना, सणाचं पुस्तक आहे.” मी ते दीड पान काढले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. कपाटे त्यांनी उघडली होती, त्यांच्याकडचा चहा प्यालो होतो, आणि ‘नाही’ म्हणणे जड गेले.

ते पान मनातून गेले नाही. त्यानंतर कधीतरी गोळ्या-चॉकलेटे करणाऱ्या घराण्यांवरची आणि प्रसिद्ध बल्लवांवरची इंग्रजी पुस्तके मिळतील तशी वाचायला लागलो. इतर लेखकांनी अशा वेळी काय केले, एवढेच सुरुवातीला पाहायचे होते. पाहता पाहता या पुस्तकांना विचारायचे तीन प्रश्न तयार झाले. लेखकाला दार कोणी उघडले? पदार्थ प्रत्यक्ष कोणाच्या हातांनी झाला? आणि कच्चा माल कुठून आला? या तीन प्रश्नांवर काही पुस्तके पारखून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. गोड पदार्थांचे कारखानदार आणि बल्लव यांना एकत्र का घेतले, तेही पुढे ओघात येईल.

बंद दारे

चॉकलेटच्या धंद्यातली गुप्तता प्रसिद्ध आहे. पदार्थाचे पेटंट घ्यायचे तर कृती जाहीर करावी लागते, म्हणून बरेच कारखानदार पेटंटाऐवजी मौन पसंत करतात. अमेरिकेतल्या मार्स कंपनीने हे मौन फारच काटेकोर पाळले. व्हर्जिनियातल्या मॅक्लीन गावी साध्या विटांच्या इमारतीत मुख्य कचेरी. वरिष्ठांनाही वेगळी दालने नाहीत, त्यांनीही हजेरीच्या घड्याळात कार्ड घालायचे. मालक कुटुंब वार्ताहरांना भेटत नसे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ची पत्रकार जोएल ग्लेन ब्रेनर हिला तिथे प्रवेश मिळाला, आणि पुढे १९९९ साली तिचे ‘द एम्परर्स ऑफ चॉकलेट’ आले. मार्स आणि हर्शी या दोन प्रतिस्पर्ध्यांची ही जोडकथा आहे.

ब्रेनरने बाहेर काढलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे हे प्रतिस्पर्धी एकेकाळी भागीदारीत होते. एम अँड एम या रंगीत गोळ्यांच्या नावातला एक एम फॉरेस्ट मार्सचा, तर दुसरा ब्रूस मरी याचा. आणि ब्रूसचे वडील विल्यम मरी हे हर्शी कंपनीचे अध्यक्ष. १९४१ साली या गोळ्या बाजारात आल्या. युद्धाच्या काळात चॉकलेट मिळणे दुरापास्त होणार, म्हणून फॉरेस्टने हर्शीच्या अध्यक्षाचा मुलगाच भागीदार करून घेतला. माल हर्शीचा, साखरेचे कवच मार्सचे. कवचामुळे चॉकलेट हातात वितळत नसे, म्हणून सैन्याला सोयीचे. युद्ध संपल्यावर मरी बाहेर पडला. नावातले अक्षर तेवढे राहिले.

पुस्तक वाचताना एक तफावत जाणवते. हर्शीच्या बाजूला जतन केलेली कागदपत्रे आहेत, गाव आहे, शाळा आहे. मार्सच्या बाजूला मुख्यतः माणसांच्या आठवणी. १९६४ मध्ये वडिलांच्या कंपनीचा ताबा मिळाल्यावर फॉरेस्टने पहिल्याच बैठकीत अधिकाऱ्यांपुढे गुडघे टेकून एकेका चॉकलेटसाठी प्रार्थना केली, हा प्रसंग तिथूनच सर्वतोमुखी झाला. अशा गोष्टी रंगतात, पण त्या सांगणाऱ्याचा कंपनीशी शेवट कसा झाला होता, हेही वाचकाने मनात ठेवायला हवे. दार बंद असले की चरित्रात किस्से वाढतात.

स्टीव्ह आमंड याच्या ‘कँडीफ्रीक’ची (२००४) गोष्ट याच्या उलट आहे. हा कथाकार. आयुष्यात एकही दिवस गोळी-चॉकलेटाशिवाय गेला नाही असे अभिमानाने सांगणारा. मोठ्या कंपन्यांनी दाद दिली नाही, म्हणून तो लहान कारखान्यांकडे वळला : बॉइसी गावचा ‘आयडाहो स्पड’, सू सिटीचा ‘ट्विन बिंग’, नॅशव्हिलचा ‘गू गू क्लस्टर’, कॅन्ससमधला ‘व्हॅलोमिल्क’. तिथे दारे उघडीच होती. पट्ट्यावरून सरकणाऱ्या वड्यांवर पातळ चॉकलेटचा पडदा पडतो त्या यंत्रापुढे तो मुलासारखा उभा राहतो, आणि आपणही राहतो. पण पुस्तकाचा खरा मजकूर वेगळाच आहे. मोठी दुकाने मालाला फळीवर जागा देण्यासाठी कंपनीकडून वेगळे पैसे घेतात. ते परवडणारे दोन-चार मोठे कारखाने फळीवर दिसतात. बाकीचे चवीला चांगले असूनही दिसत नाहीत. गावोगावच्या गोळ्या का नाहीशा झाल्या याचे इतके सरळ उत्तर मला दुसरीकडे मिळाले नव्हते. आमंड थट्टेखोर आहे, स्वतःच्या उदासीविषयी जरा जास्त बोलतो. तरी पहिल्या दोन प्रश्नांना या यादीत सर्वांत प्रामाणिक उत्तर त्याचेच आहे.

दानशूर मालक

मिल्टन हर्शी (१८५७–१९४५) हा चरित्रकारांना मोहात पाडणारा माणूस. पेनसिल्व्हेनियातल्या मेनोनाइट पंथाच्या कुटुंबातला, लँकेस्टरच्या मिठाईवाल्याकडे उमेदवारी केलेला. फिलाडेल्फियात बुडाला, न्यूयॉर्कमध्ये बुडाला. डेन्व्हरला कॅरॅमलमध्ये ताजे दूध घालायला शिकला आणि त्यावर उभा राहिला. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जर्मन चॉकलेट यंत्रे पाहिली. १९०० मध्ये कॅरॅमलचा चालू धंदा दहा लाख डॉलरना विकून सगळे चॉकलेटवर लावले. गाव वसवले, त्याला स्वतःचे नाव दिले. मूल नव्हते; १९०९ मध्ये पत्नी कॅथरीनसह अनाथ मुलांसाठी शाळा काढली आणि १९१८ मध्ये जवळजवळ सगळी संपत्ती शाळेच्या न्यासाला देऊन टाकली. ही गोष्ट त्याने पाच वर्षे जाहीरही केली नाही.

मायकेल डी’अँटोनिओ याच्या ‘हर्शी’ (२००६) या चरित्राचे यश असे की हा थोरपणा कमी न करता तो दुसरी बाजू मांडतो. १९३७ च्या एप्रिलमध्ये कारखान्यातल्या कामगारांनी आतच बसून संप केला. कारखाना बंद म्हणजे रोजचे दूध वाया. पाच-सहा दिवसांत दूध घालणारे शेतकरी आणि मालकाच्या बाजूचे कामगार दारे फोडून आत शिरले आणि संपकऱ्यांना मारत बाहेर काढले. ज्या गावात बाग, पोहण्याचा तलाव, नाट्यगृह सगळे मालकाने दिले, तिथे मजुरी मागणे कृतघ्नपणा ठरले. शाळेच्या मूळ दस्तातही फक्त गोऱ्या अनाथ मुलग्यांना प्रवेश होता. ते बंधन निघायला साठीच्या दशकाची अखेर यावी लागली.

दान खोटे नव्हते, संपही खोटा नव्हता. चरित्रकाराने दोन्ही एकाच पुस्तकात ठेवायचे असतात. मी दीड पान काढले तेव्हा नेमके हेच केले नव्हते.

कोको कुठून आला?

तिसऱ्या प्रश्नाची कसोटी कॅडबरी घराण्यावर लागते, कारण त्यावर वेगवेगळ्या जागी उभ्या राहिलेल्या लेखकांची पुस्तके आहेत. डेबोरा कॅडबरी यांचे ‘चॉकलेट वॉर्स’ २०१० चे. क्राफ्टने कॅडबरी विकत घेतली ते हेच वर्ष. लेखिका त्याच घराण्याच्या एका शाखेतल्या. रिचर्ड आणि जॉर्ज या भावांनी १८६१ मध्ये बापाचा बुडता धंदा हाती घेतला, क्वेकर पंथाच्या सचोटीने वाढवला, १८७९ मध्ये बॉर्नव्हिलला कारखाना नेऊन कामगारांसाठी मोकळी हवा आणि नंतर घरे दिली, हा इतिहास त्या आत्मीयतेने सांगतात. सचोटीच्या भांडवलशाहीला भागधारकांच्या भांडवलशाहीने गिळले, हे त्यांचे दुःख आहे आणि ते समजण्यासारखे आहे.

पण कोको मुख्यतः येत होता पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या साओ तोमे आणि प्रिन्सिप या बेटांवरून. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅडबरीचा निम्म्याच्या आसपास माल तिथला होता. तिथले मजूर अंगोलातून आणलेले. कागदावर करार, प्रत्यक्षात परतीची वाट नाही. विल्यम कॅडबरीच्या कानावर हे १९०१ मध्ये आले. १९०५ मध्ये जोसेफ बर्ट या माणसाला चौकशीसाठी पाठवले. खरेदी थांबली १९०९ मध्ये. मधल्या वर्षांचे काय, असे खरेदी थांबण्याआधीच ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्राने बोचरेपणाने विचारले होते. कॅडबरीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. ज्यूरीने निकाल कॅडबरीच्या बाजूने दिला आणि भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा! त्या फार्दिंगमध्येच ज्यूरीचे मत आले.

घराण्यातल्या लेखिकेच्या पुस्तकात हा प्रसंग टाळलेला नाही, हे आधी सांगायला हवे. पण तिथे तो एका मोठ्या कथेतला अडचणीचा अध्याय आहे. लोएल सॅट्रे यांचे ‘चॉकलेट ऑन ट्रायल’ (२००५) त्यावरच बेतलेले. कॅथरीन हिग्स यांचे ‘चॉकलेट आयलंड्स’ (२०१२) तर बर्टच्या पावलांवर पाऊल टाकत बेटांवरून अंगोला, मोझांबिक, ट्रान्सवालपर्यंत जाते. तेच साल, तेच पत्रव्यवहार. फक्त पहिला अध्याय बर्मिंगहॅमला सुरू करायचा की साओ तोमेला, एवढ्याने पुस्तक बदलते. हिग्स वाचल्यावर कॅडबरी बंधू दुष्ट ठरत नाहीत. चांगल्या माणसांना आठ वर्षे कशी लागतात, हे मात्र समजते, आणि ते दुष्टपणाच्या कथेपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

साखरेच्या देवळांपासून

जगातला पहिला प्रसिद्ध बल्लव हा मुळात मिठाईवालाच होता, म्हणून हे दोन विषय मला एकच वाटतात. आँतोनँ कारेम (१७८३ किंवा १७८४ ते १८३३) हा पॅरिसचा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत गरीब बापाने रस्त्यावर सोडलेला पोर, आधी खाणावळीत, मग बायी नावाच्या नामांकित मिठाईवाल्याकडे. फावल्या वेळात राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन वास्तुशास्त्राच्या पुस्तकांतली चित्रे उतरवायची आणि साखर-बदामाच्या लगदीतून देवळे, मनोरे, भग्न कमानी उभ्या करायच्या. तिथून तालेरां या मुत्सद्द्याचे मुदपाकखाने, ब्रायटनचा राजवाडा, शेवटी रॉथशील्ड. इयन केली याचे ‘कुकिंग फॉर किंग्ज’ (२००३) त्याला पहिला ‘सेलिब्रिटी शेफ’ म्हणते.

कारेम प्रसिद्ध का झाला, याचे उत्तर त्याच्या चवीत शोधता येत नाही. ती चव आज कोणी घेतलेली नाही. तो प्रसिद्ध झाला कारण त्याने लिहिले. १८१५ पासून त्याची चित्रांसह पुस्तके निघाली, आणि बालपणाची हकिगतही आपल्याला मुख्यतः त्याच्याच सांगण्यावरून ठाऊक आहे. लेडी मॉर्गन या आयरिश लेखिकेने १८२९ मध्ये रॉथशील्डकडे जेवून त्याचे वर्णन लिहिले, अशी बाहेरची साक्ष क्वचितच मिळते. साखरेचा मनोरा दोन दिवस टिकतो, छापलेले पान दोनशे वर्षे. कोळशाच्या धुरात काम करून फुप्फुसे जातात अशी तक्रार त्याने स्वतः नोंदवली आहे. तो पन्नाशीच्या आतच गेला. त्याच धुरात त्याच्या हाताखालची कितीतरी पोरे होती. त्यांनी लिहिले नाही.

एक माणूस, दोन पुस्तके

बर्नार लुआझो (१९५१–२००३) या फ्रेंच बल्लवावरची दोन पुस्तके लागोपाठ वाचावीत असे मी सुचवीन. विल्यम एचिक्सन याचे ‘बर्गंडी स्टार्स’ (१९९५) हे मिशलँ मार्गदर्शिकेचा तिसरा तारा मिळेल की नाही या प्रतीक्षेतले वर्ष सांगते : सोल्यू गावातले उपाहारगृह, नूतनीकरणासाठी काढलेले कर्ज, टेलिफोनकडे लागलेले कान. १९९१ मध्ये तारा मिळतो. वाचक सुटकेचा श्वास सोडतो.

बारा वर्षांनी, २००३ च्या फेब्रुवारीत, लुआझोने आत्महत्या केली. गो-मियो मार्गदर्शिकेने त्याचे गुण एकोणीसवरून सतरा केले होते आणि तिसरा तारा जाणार अशी वर्तमानपत्री कुजबुज होती. तारा गेला नव्हता. रूडॉल्फ चेल्मिन्स्की याचे ‘द पर्फेक्शनिस्ट’ (२००५) यानंतरचे. लेखक त्याला वर्षानुवर्षे ओळखणारा. सगळे खापर समीक्षकांवर फोडणे सोपे होते; त्याने ते टाळून कर्ज, थकवा, उत्साह-निराशेचे टोकाचे हेलकावे हे सगळे पुढे ठेवले. त्यानंतर पुन्हा पहिले पुस्तक उघडले की तीच धावपळ, तेच हसणे वेगळे दिसते. एचिक्सनने काही लपवले नव्हते. विजयाची गोष्ट म्हणून वाचताना आपणच ते पाहिले नव्हते.

आणखी एक गोष्ट. लुआझो गेल्यानंतर त्या उपाहारगृहाचा तिसरा तारा २०१६ पर्यंत टिकला. पत्नी दोमिनीक यांनी कारभार पाहिला, आणि लुआझोबरोबर १९८२ पासून काम करणारा पात्रीक बर्त्रों चुलीपाशी उभा राहिला. पदार्थ कोणाच्या हातांनी होत होता, या प्रश्नाचे उत्तर तेरा वर्षांनी असे मिळाले.

बिल ब्युफर्ड याच्या ‘हीट’चे (२००६) भविष्य निराळे. ‘न्यू यॉर्कर’मधली संपादकी सोडून तो मारिओ बटाली याच्या न्यूयॉर्कमधल्या ‘बाबो’त बिनपगारी हरकाम्या झाला, पुढे टस्कनीत खाटकाकडे शिकला. हाताला काम कसे शिकवले जाते याचे इतके बारकाईचे वर्णन दुसरीकडे सापडणे कठीण. पण बटालीचा बेफामपणा आणि स्वयंपाकघरातली पुरुषी दांडगाई तिथे बरीचशी रंगत म्हणून येते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये अनेक स्त्रियांनी बटालीवर गैरवर्तनाचे आरोप केले आणि तो धंद्यातून बाहेर पडला. बोस्टनच्या एका फौजदारी खटल्यात २०२२ मध्ये तो निर्दोष सुटला, हेही नोंदवले पाहिजे. त्याच सुमारास अँथनी बोर्डेन याने, आपल्या ‘किचन कॉन्फिडेन्शियल’ने (२०००) अशाच वातावरणाचा गौरव केल्याची खंत जाहीर लिहून व्यक्त केली. हसवणारे पान कोणाच्या जिवावर हसवते, हे त्याने स्वतःला विचारले. मोठ्या खपाच्या पुस्तकाच्या लेखकाने असे करणे सोपे नाही.

आपल्याकडे

हे सगळे परदेशातले झाले. आपल्याकडे मालाची कमतरता नाही. पार्ल्याचा कारखाना १९२९ चा, सुरुवात गोळ्यांचीच. वालचंद हिराचंदांच्या रावळगावला १९३३ साली साखर आणि १९४२ पासून गोळ्या सुरू झाल्या. ‘पान पसंद’ तोंडात न विरघळलेली पिढी महाराष्ट्रात नसेल. २०२४ मध्ये ही नावे सत्तावीस कोटींना रिलायन्सकडे गेली तेव्हा आमंडने वर्णन केलेली फळी मला आठवली. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या हजार पाकक्रिया १९१० च्या, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. कारेमसारखी आपल्याही बायकांची नावे टिकली ती लिहिल्यामुळे. या सगळ्यांवर आज ना उद्या चरित्रे येतील. लिहिणाऱ्याला कोणीतरी कपाट उघडून देईल, चहाही देईल. त्याने तो जरूर प्यावा. फक्त कपाट कोणी उघडले हे पहिल्या पानावर लिहावे, आणि चोपडीतल्या आकड्याला नाव शोधावे.

मी ते काम उशिरा हाती घेतले आहे. गेल्या तीन वर्षांत ‘पुडी बायां’पैकी अकराजणींची नावे मिळाली, सातजणी हयात नाहीत. पहिल्यांदा भेटलेल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. मी मजुरीचे विचारत होतो, त्या पाकाचे सांगत होत्या. “पाक कच्चा राहिला की गोळी कागदाला धरते, बाबा. भट्टीवाल्याला नंतर कळायचं, आमच्या बोटांना आधी. पावसाळ्यात तर घाण्यातली पहिली शेरभर गोळी आम्हीच परत पाठवायचो.”

साखरेचा पाक पुरेसा कढला नाही तर त्यात पाणी राहते आणि गोळी हवेतला ओलावा ओढून चिकट होते. लिंबाच्या आंबटाने ते आणखी वाढते. पुस्तकात वाचून हे मला ठाऊक होते. पण त्या कारखान्यात मालाची पारख शेवटी कोण करीत होते, हे चोपड्यांत नव्हते आणि माझ्या स्मरणिकेतही नाही. मी मजुरीचे दीड पान काढले, असे इतकी वर्षे समजत होतो. काढले होते ते कारखान्याच्या कसबाचे पान. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघणार नाही. म्हणून ती अकरा नावे, त्या त्या घरच्यांची परवानगी घेऊन, चोपडीतल्या तारखांसह एका वहीत लिहून गावच्या वाचनालयात ठेवली आहेत. उरलेल्या तिघींचा शोध चालू आहे.